अकरावी सायन्सचे विषय निवडताना: गणित, बायोलॉजी की दोन्ही?

दहावीचा निकाल लागला की आपल्या कोल्हापुरात टक्का आधी पेढ्यांच्या बॉक्सबरोबर गल्लीभर फिरतो आणि मग त्याच टक्क्यावर अकरावीचे विषय ठरतात. नव्वदच्या पुढं असेल तर "ठेव की सगळे विषय, पुढचं पुढं बघू". ऐंशीच्या आत असेल तर "गणित सोडून दे". दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी गुणपत्रिका ओळीनं वाचलेली नसते. कामाला तिथूनच लागायचं.

पहिली पायरी: टक्का बाजूला, गुण समोर

राज्य मंडळाचा दहावीचा टक्का सहापैकी उत्तम पाच विषयांवर निघतो. सर्वांत कमी गुणांचा विषय हिशेबातून गळतो, आणि सायन्सला जाणाऱ्या मुलांत तो गळालेला विषय पुष्कळदा गणितच असतो. एक गुणपत्रिका मांडून बघू: मराठी ९१, हिंदी ९०, इंग्रजी ८८, गणित ६२, विज्ञान ८४, सामाजिक शास्त्रे ९५. उत्तम पाचची बेरीज ४४८, म्हणजे ८९.६० टक्के. घरात सगळे "नव्वद पडले" म्हणणार. आता गणिताचे ६२ फोडा. अंतर्गत मूल्यमापनाचे २० पैकी १९ मिळाले असतील, तर लेखी परीक्षेत ८० पैकी ४३ पडलेत. जवळजवळ निम्मा पेपर हातचा गेला. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे किंवा खेळाचे वाढीव गुण असतील तर टक्का आणखी फुगतो. फिजिक्सच्या गणितांना त्याचा काही उपयोग नाही.

एवढ्यावरून गणित सोडायचं, असं मात्र नाही. गुण कुठं गेले ते शोधा. पूर्वपरीक्षेचे पेपर रद्दीत गेले नसतील तर काढा. बीजगणितात वर्गसमीकरणं आणि दोन चलांतली रेषीय समीकरणं, भूमितीत त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमिती, या चार ठिकाणी मुलगा किंवा मुलगी कशी आहे ते पाहा, कारण अकरावीचं गणित याच चार खांबांवर उभं आहे. वर्तुळाची प्रमेयं पाठ नसल्यामुळं गुण गेले असतील तर फार घाबरायचं कारण नाही. वर्गसमीकरण सोडवताना दर वेळी चिन्ह चुकत असेल तर ते दुखणं फिजिक्स-केमिस्ट्रीतही मागं येणार.

दुसरी पायरी: सहा खाने कसे भरतात

बारावीला प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय, एकूण ६००. इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या खान्यात मराठी, हिंदीसारखी भाषा किंवा तिच्याऐवजी आयटी. उरलेले चार खाने फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी. चारही ठेवले की पीसीएमबी, ज्याला 'जनरल सायन्स' असंही म्हणतात. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीला लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. गणिताला ८० आणि २०. पीसीएम (बायोलॉजी सोडून) किंवा पीसीबी (गणित सोडून) करायचं असेल तर सोडलेल्या विषयाच्या जागी दुसरा विषय घ्यावा लागतो, आणि तो काय असेल हे कॉलेजकडं काय शिकवलं जातं त्यावर ठरतं. कुठं भूगोल असतो, कुठं नसतोच. हे आधी विचारलं नाही तर प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर उभं राहून निर्णय घ्यावा लागतो.

बायफोकलचा घोळ दर वर्षी होतो म्हणून जरा सविस्तर. बायफोकल म्हणजे व्यवसायाभिमुख विषय, तो २०० गुणांचा असतो. तो दुसरी भाषा आणि आणखी एक विषय, बहुधा बायोलॉजी, असे दोन खाने एकटा व्यापतो. कॉम्प्युटर सायन्स हे त्यातलं सर्वांत मागणी असलेलं: ५०-५० गुणांचे दोन लेखी पेपर आणि १०० गुणांचं प्रॅक्टिकल. गुण चांगले पडतात, पाठांतर कमी, जागा मर्यादित. पण कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळायला बारावीला कॉम्प्युटर सायन्स असावंच लागतं हा समज चुकीचा आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे सीईटीत, त्या विषयाचा एकही प्रश्न नसतो. तिथं फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणितच मोजतात. बायफोकल घ्यायचं तर आवडीसाठी किंवा बारावीची टक्केवारी वाढवायला घ्या. आयटी वेगळं: ते फक्त भाषेची जागा घेतं, त्यामुळं आयटी ठेवूनही पीसीएमबी करता येतं.

तिसरी पायरी: पुढच्या वाटेला नेमकं काय लागतं

पंधराव्या-सोळाव्या वर्षी करिअर पक्कं ठरलंच पाहिजे, असा हट्ट नको. कुठला विषय सोडला की कुठली वाट तुटते, एवढं ठाऊक असलं की पुरे.

इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाचा स्कोअर लागतो. पेपर २०० गुणांचा. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न १ गुणाचे. म्हणजे गणित एकटं १०० गुण, निम्मा पेपर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नांचा साधारण २० टक्के भाग अकरावीवर असतो. बारावीला संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, मागास प्रवर्गाला ४० टक्के लागतात. कोल्हापूरचं केआयटी असो, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील असो, शेजारी सांगलीचं वालचंद असो, राज्याच्या जागांचं दार हेच. जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनआयटीत जायचं तर खुल्या प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. म्हणून क्लासच्या नादात बोर्डाकडं पाठ फिरवणं परवडत नाही.

डॉक्टरकीसाठी 'नीट' ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा. ७२० गुण, १८० प्रश्न: बायोलॉजी ९०, फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५. बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १. इथंही बायोलॉजीकडं निम्मे गुण. उरलेले निम्मे फिजिक्स-केमिस्ट्रीचे, आणि मुलं अडकतात ती तिथंच. "गणित नको म्हणून पीसीबी" घेणाऱ्यांनी हे आधी ऐकावं. मंडळाच्या अकरावी फिजिक्सच्या पुस्तकातला दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे: सदिश, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनची ओळख. केमिस्ट्रीत पीएच काढायला लॉगॅरिदम लागतो. गणिताचा पेपर सुटतो, गणित सुटत नाही. एमबीबीएसबरोबरच बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आणि व्हेटर्नरीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात. गोकुळ दूध संघाच्या या जिल्ह्यात घरोघरी म्हशी असताना व्हेटर्नरीचं नाव मुलांच्या यादीत सहसा शेवटी येतं, ही गंमतच आहे. आपल्याला जवळचं सरकारी व्हेटर्नरी कॉलेज सातारा जिल्ह्यात शिरवळला आहे. बी.एस्सी. नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी असते आणि तिथंही बायोलॉजी हवीच.

फार्मसी ही मधली वाट. फिजिक्स-केमिस्ट्री सक्तीचं, तिसरा विषय गणित किंवा बायोलॉजी कुठलाही चालतो. डी.फार्म.ला सीईटी लागत नाही, बी.फार्म.ला लागते. बी.एस्सी. ॲग्रीलाही पीसीएम आणि पीसीबी दोन्हीकडची मुलं जातात, त्यामुळं शेतीकडं वळायचं म्हणून बायोलॉजी ठेवलीच पाहिजे असं नाही.

ज्यांच्या घरी वर्दीचं वेड आहे त्यांच्यासाठी: एनडीएत आर्मी विंगला बारावीची कुठलीही शाखा चालते, पण एअर फोर्स आणि नेव्हीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. शिवाय लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो. पीसीबी घेऊन एनडीएची तयारी करणं म्हणजे एक हात बांधून कुस्ती खेळणं. २०२१ पासून मुलींनाही ही परीक्षा देता येते. मर्चंट नेव्ही आणि आर्किटेक्चर या दोन्हीकडं गणिताशिवाय चालत नाही.

शुद्ध विज्ञानाकडं फार कमी लोक पाहतात. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांत पाच वर्षांचा बीएस-एमएस असतो. त्याच्या प्रवेशपरीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. पीसीएमबीचं खरं चीज होणारी परीक्षा कुठली असेल तर ही. खगोलशास्त्राचं आकर्षण असेल तर गणित सोडू नका. डॉ. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरातच झाला, आणि केंब्रिजमध्ये त्यांनी आधी गणिताची ट्रायपॉस, म्हणजे तिथली पदवी परीक्षा, केली होती.

फसगतीची एक जागा: बायोटेक्नॉलॉजी. नावात बायो आहे म्हणून पीसीबीवाले निर्धास्त असतात. बी.एस्सी. बायोटेकला अडचण नाही. पण इंजिनिअरिंग कॉलेजातली बी.टेक. बायोटेक्नॉलॉजी इंजिनिअरिंगच्याच प्रवेशप्रक्रियेतून भरते. हेच बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स एंटायरचं. पुष्कळ कॉलेजं बारावीला गणित होतं का ते विचारतात.

आणि ज्याला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्रीत किंवा मशिन शॉपमध्येच जायचंय, हातात स्पॅनर धरायला आवडतो, त्याला अकरावी सायन्स हा लांबचा रस्ता आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा मार्ग सरळ आणि स्वस्त.

चौथी पायरी: सुट्टीत दहा दिवसांची चाचणी

कल चाचण्यांवर पैसे घालण्याआधी हे घरी करा. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.

पहिले चार दिवस गणित भाग १ मधला कोन आणि त्याचं मापन हा पहिला धडा. अंशाचं रेडियन, रेडियनचे अंश, कंसाची लांबी, वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ. रोज दीड तास. सोडवलेली उदाहरणं कागदानं झाकून आधी स्वतः करायची. चौथ्या दिवशी न पाहिलेली १० गणितं घ्या. सहा-सात आली तर उत्तम. चारच आली, पण अडलेल्या गणिताकडं मूल चहा पिऊन परत गेलं, तरी गणित ठेवायला हरकत नाही. आठ येऊनसुद्धा वही मिटताना सुटलो बाबा असं वाटत असेल, तर दोन वर्षांचा विचार करावा.

पुढचे तीन दिवस बायोलॉजीतला बायोमॉलिक्यूल्सचा धडा. दोन तास वाचायचा, आकृत्या काढायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. एन्झाइमबद्दल पाच-सहा वाक्यं आणि दोन आकृत्या नावांसकट जमल्या तर बायोलॉजी जमेल. "प्राणी आवडतात" आणि "बायोलॉजी आवडते" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायोलॉजीत नेमकी संज्ञा, नेमकं स्पेलिंग आणि प्रचंड उजळणी लागते.

शेवटचे तीन दिवस फिजिक्सचा तो दुसरा धडा. तो पीसीएम आणि पीसीबी दोघांनीही करायचा. यात पूर्ण कोरडं गेलं तर प्रश्न गणित की बायोलॉजी असा उरत नाही. सायन्सच हवंय का, ते घरी बसून मोकळेपणानं बोलावं लागेल.

मराठी माध्यमातून आलेल्यांना आणखी एक काम. अकरावी सायन्स इंग्रजीतून शिकवतात आणि पहिले दोन महिने विषयापेक्षा शब्दच जड जातात. चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून अशा जोड्या रोज १५ प्रमाणे वहीत उतरवा. वीस दिवसांत ३०० शब्द होतात. या मुलांचे पहिल्या चाचणीचे गुण पाहून विषय बदलायला धावू नका, दुसरी चाचणी होऊ द्या.

पाचवी पायरी: पीसीएमबीची किंमत मोजा

दोन्ही वाटा उघड्या राहतात, पीसीएम आणि पीसीबी दोन्ही सीईटी देता येतात, हे खरं. पण वर पाहिलंच: सीईटीत निम्मा पेपर गणिताचा, नीटमध्ये निम्मा बायोलॉजीचा. चारही विषय ठेवणारा दोन्हीकडं अर्ध्या तयारीनं उभा राहण्याचा धोका असतो.

वेळेचा हिशेब कागदावर करा. राधानगरी किंवा गारगोटीहून एसटीनं रोज ये-जा करणाऱ्याचे प्रवासात तीन तास सहज जातात. कॉलेज पाच तास, क्लास दोन-तीन तास, झोप सात तास. जेवणखाण, आंघोळ धरून हातात तीन-चार तास उरतात. त्यात चार विषय, तीन प्रॅक्टिकलच्या जर्नल्स आणि भाषा. शहरात राहणाऱ्याला जे झेपतं ते गावाकडून येणाऱ्याला झेपेलच असं नाही, आणि त्यात हुशारीचा काही संबंध नाही. पावसाळाही धरा. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठते, ४३ ला धोका पातळी, आणि पाणी चढत गेलं की एकेक रस्ता बंद होतो. जुलै-ऑगस्टमधली प्रॅक्टिकलं बुडतात. ती भरून कशी घेतात, हे कॉलेजला विचारून ठेवा.

आमचं मत विचाराल तर चाचणीत दोन्ही विषय चांगले गेले आणि निर्णय खरोखरच होत नसेल, तरच पीसीएमबी घ्या, आणि अकरावीच्या दिवाळीपर्यंत मुख्य परीक्षा कुठली ते ठरवा. त्यानंतर दुसरा विषय बोर्डापुरता ठेवायचा. लोक काय म्हणतील म्हणून चारही ठेवणं हे सर्वांत वाईट कारण.

सहावी पायरी: कॉलेज आणि फॉर्म

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं होतात. फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमानं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर जिथं खरंच जायचंय तेच नाव टाका. दुसरी काळजी: एकाच कॉलेजच्या अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांचे सांकेतांक वेगळे असतात. नाव तेच, फी वेगळी. मैत्रिणीला तेच कॉलेज स्वस्तात कसं मिळालं, हा प्रश्न इथून येतो.

फॉर्म भरण्याआधी दोन-तीन कॉलेजांत एकदा जाऊन या. राजाराम, विवेकानंद, न्यू कॉलेज, गोखले, मुलींसाठी कमला, यातलं घराला आणि बसथांब्याला सोयीचं कुठलं ते पाहा. ऑफिसात विचारायचं ते एवढंच: गणित किंवा बायोलॉजी सोडली तर बदली विषय कोणता, प्रॅक्टिकलची एक बॅच किती मुलांची, विषय बदलायची शेवटची तारीख कुठली. जमलं तर मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलाची जर्नल बघायला मागा. तारखांवार निरीक्षणं आणि सह्या असतील तर प्रयोग होतात. सगळी पानं एकाच शाईत, एकाच दिवशी उतरवलेली दिसली तर काय ते कळतंच. इंटिग्रेटेड किंवा टाय-अपच्या, म्हणजे कॉलेज आणि खासगी क्लास मिळून चालवतात त्या तुकडीत जाणार असाल तर ३० गुणांच्या प्रॅक्टिकलची तयारी कोण आणि कुठं करून घेतं, हे नावानिशी विचारा.

मागास प्रवर्गातल्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकावा. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली तर प्रवेशाच्या फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. मुलींच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: २०२४ पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. "मुलीला इंजिनिअरिंग परवडणार नाही" म्हणून गणित सोडण्याआधी हा हिशेब करा.

चुकलं असं वाटलं तर

अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांत कॉलेजला अर्ज देऊन विषय बदलता येतो. जितका उशीर, तितके धडे मागं. बारावीला तेच विषय पुढं चालतात, तेव्हा मोकळीक जवळपास संपते. तरीही वाट पूर्ण बंद होत नाही: बारावी झाल्यावर राहिलेला एखादा विषय मंडळाकडं आयसोलेटेड, म्हणजे सुटा विषय, म्हणून देता येतो. पीसीएम करून नंतर बायोलॉजी देणारे आणि नीटला बसणारे विद्यार्थी असतात. अतिरिक्त विषय म्हणून दिलेली बायोलॉजी वैद्यकीय आयोगानं २०२३ मध्ये ग्राह्य धरली आहे. वर्ष मात्र जातं.

बारावीचा बोर्डाचा फॉर्म कॉलेजमधून भरला जातो तेव्हा सही करण्याआधी विषयांचे सांकेतांक स्वतः वाचा: गणित ४०, फिजिक्स ५४, केमिस्ट्री ५५, बायोलॉजी ५६. गणिताच्या जागी ८८ दिसलं तर ते कॉमर्सचं गणित आहे, तिथंच दुरुस्त करून घ्या.